लॉनीला द्यायचं की ठेवायचं

शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला हेरन क्लबची खोली नेहमीच भरलेली असे, पण त्या शुक्रवारी माणसं भिंतीला टेकून, कागदी ताटं हातात धरून उभी होती. कॉरिन टॅश काय सांगते ते सगळ्यांना ऐकायचं होतं. हेरन्स या बेसबॉल संघाचा कारभार कॉरिन बघायची. खेळाडू घेणं-सोडणं, पगार, बस, सगळं तिच्याकडे. मालक मात्र कुणी एक नव्हता. पूर्वीचा मालक संघ उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला निघाला, तेव्हा पोर्ट अँसेलच्या लोकांनी शंभर-शंभर डॉलरचे शेअर काढून तो विकत घेतला होता. तेव्हापासून मोठी अदलाबदल करायची तर कॉरिन आधी क्लबला विचारत असे. कायद्याने तिच्यावर ते बंधन नव्हतं, पण तिलाही याच गावात किराणा आणायला जावं लागत होतं.

"ग्रँट हार्बरवाले लॉनीला मागतायत," ती म्हणाली. "बदल्यात त्यांचा डावखुरा पिचर देतायत. पिचर चांगला आहे, मी स्वतः बघितलाय. परवा दुपारी मुदत संपते, त्यानंतर या मोसमात अदलाबदल नाही. रविवारी चर्च सुटलं की इथे मत घेऊ. तुम्ही म्हणाल तसं."

एवढं बोलून तिने आपलं ताट उचललं आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. हे तिला चांगलं जमायचं.

लॉनी प्रुइट हा हेरन्सचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा, तिथे आलेला चेंडू उचलायचा आणि मैदान ओलांडून फर्स्ट बेसकडे फेकायचा. गेल्या वर्षी त्याच्याइतकं सुंदर ते काम या लीगमध्ये कुणी केलं नव्हतं. या मे महिन्यात त्याच्या हाताला काहीतरी झालं. धावता धावता, अंग वळवून मारलेली अवघड फेक बरोबर जायची. पण सरळ चेंडू आला, हातात भरपूर वेळ असला, शाळकरी पोरंही करतात अशी साधी फेक करायची असली, की चेंडू कधी जमिनीत, कधी आकाशात. बेसबॉलमध्ये या दुखण्याला नाव आहे. पण ते उच्चारलं तर दुसऱ्याला लागतं असं मानतात, म्हणून पोर्ट अँसेलमध्ये सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणत.

"ते जात नाही एकदा आलं की," डूई क्रँट्झ म्हणाला. डूईचं मटणाचं दुकान होतं आणि त्याचा आवाज दुकानाबाहेरही दुकानातल्यासारखाच असे. "मला लॉनी आवडतो. माझी बायको त्याला सॉसेजेस फुकट देते, मी बघून न बघितल्यासारखं करतो. पण आपल्याकडे धड चेंडू टाकणारा पिचर नाही. मागच्या आठवड्यात आपण जे उभे केले होते ते पिचर नव्हते, ते वाढपी होते. समोरच्याला हवं ते वाढत होते."

लोक हसले. गॉर्डी हाउप्ट हसला नाही.

गॉर्डी क्लबचा अध्यक्ष. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे गावातल्या अर्ध्या माणसांना त्याने कधी ना कधी 'खाली बस' म्हटलेलं होतं. तो उठला की लोक आपोआप बसत.

"या खोलीत लॉनीबद्दल तक्रार करायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे," तो म्हणाला.

हे खरं होतं. मे महिन्यात लॉनीची एक फेक फर्स्ट बेसवाल्याच्या डोक्यावरून थेट प्रेक्षकांत आली होती आणि गॉर्डीच्या गळ्याजवळचं हाड मोडून गेली होती.

"हाड माझं मोडलं. माझी तक्रार नाही. मग तुमची कसली? आणि वर काय लिहिलंय ते वाचता येतं ना सगळ्यांना?"

बारच्या वरच्या तुळईवर हिरव्या रंगात लिहिलं होतं: 'आपल्या माणसाला पडत्या काळात द्यायचं नाही.' संघ गावाचा झाला त्या पहिल्या वर्षी एका खेळाडूच्या बॅटला उन्हाळाभर चेंडूच लागत नव्हता. गावाने त्याला सोडलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्यानेच त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं. तेव्हाचं ते वाक्य. इतर गावं चषकांबद्दल बोलत, पोर्ट अँसेल या वाक्याबद्दल बोले.

"तो रंग माझ्या बापाने दिला होता," डूई म्हणाला. "मला वाचून दाखवू नकोस."

"मग बापाचं तरी ऐक. व्हर्ना, तू सांग यांना. तुझ्या घरात राहतो तो."

व्हर्ना लिंडस्ट्रॉम खिडकीपाशी उभी होती. या लीगमधले पगार असे की खेळाडूला भाड्याने घर घेणं परवडत नाही, म्हणून गावातली माणसं उन्हाळ्यापुरतं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. व्हर्नाच्या वरच्या खोलीत कित्येक वर्षं कुणी ना कुणी राहत आलं होतं. लॉनीचा हा दुसरा उन्हाळा. मैदानावर तिची आणि गॉर्डीची खुर्ची शेजारी शेजारी होती, थंडी पडली की एकच घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर असे. ती काय बोलणार याबद्दल गॉर्डीला जराही शंका नव्हती.

"मला वाटतं, त्याला जाऊ द्यावं," व्हर्ना म्हणाली.

खोलीत काट्या-चमच्यांचा आवाज थांबला.

"बघा," डूई म्हणाला, "घरमालकीणच कंटाळली. भाडं बुडवतो वाटतं."

"मी भाडं घेत नाही, डूई."

"मग जेवतो जास्त."

"का?" गॉर्डीने विचारलं. तो डूईकडे बघतही नव्हता. "का जाऊ द्यावं?"

व्हर्नाकडे कारण होतं, पण ते तिचं नव्हतं. बुधवारी सकाळी लॉनीने आपला वाडगा विसळता विसळता, पाठ तिच्याकडे असताना म्हटलं होतं, "मिस व्हर्ना, मला इथून जायचंय. कुणाला सांगू नका. स्वतःहून मागून गेलेला असं नाव लागलं की पुढे कुणी घेत नाही." आणि थोडा वेळ नळ तसाच चालू ठेवून, "ते टाळ्या वाजवतात ना. लहान मूल पहिल्यांदा चमच्याने जेवलं की वाजवतात, तशा वाजवतात."

तिने शब्द दिला होता. म्हणून आता ती एवढंच म्हणाली, "माझं मत विचारलंस, ते सांगितलं."

गॉर्डी तिला गाडीपाशी गाठणार हे तिला ठाऊक होतं. तिने किल्ली काढली पण दार उघडलं नाही.

"असं चारचौघांत पाडायचं होतं मला, तर आधी सांगायचंस," तो म्हणाला. "मी निदान मासा खाऊन घेतला असता."

"गॉर्डी, उद्या टाळ्या वाजवू नकोस."

"कसल्या?"

"लॉनीच्या फेकीला. बाकी कशालाही वाजव."

टाळ्यांची सुरुवात गॉर्डीपासूनच झाली होती. हात गळ्यात बांधून तो पहिल्यांदा मैदानावर आला, त्या दिवशी लॉनीने एक साधी फेक नीट केली आणि गॉर्डीने मोकळ्या हाताने समोरच्या लोखंडी कठड्यावर थापा मारल्या. आजूबाजूच्यांनी ते उचललं. आठवड्याभरात सगळं मैदान लॉनीच्या प्रत्येक सरळ फेकीला टाळ्या वाजवू लागलं. इतर गावांत प्रेक्षक असं करतात ते खेळाडूला हिणवायला. इथे त्यात हिणवणं तिळमात्र नव्हतं. म्हणून तर ते कुणाला खटकलं नाही.

"तो बोलला तुला असं?"

"मी बोलतेय. गावच्या पाण्याच्या लॅबमध्ये नमुना बिघडला की आम्ही आधी आपण स्वतः त्यात काय घालतोय ते थांबवून बघतो. तेवढंच. एक दिवस."

"म्हणजे मी बिघडवलं त्याला."

"असं म्हटलं नाही मी."

"मग कसं म्हटलंस?"

मैदानापलीकडून तलावाचा गार वारा येत होता. गॉर्डीने खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले.

"मला वाटायचं त्याला बरं वाटत असेल," तो म्हणाला.

"मलाही वाटायचं. मीही वाजवल्यात."

"एक दिवस," गॉर्डी म्हणाला.

गॉर्डीने एखादी गोष्ट करायची ठरवली की ती अर्धवट करायची त्याला माहीतच नव्हती. शनिवारी दुपारी फाटक उघडलं तेव्हा तो आधीच आत होता. ओळीओळीतून फिरून तो लोकांना बजावत होता. लॉनीच्या फेकीला टाळी नाही, शिट्टी नाही, 'शाबास पोरा' नाही. बीअर विकणाऱ्यालाही सांगितलं. ऑर्गन वाजवणारी मिसेस टेस्लाफ प्रत्येक फेकीनंतर दोन उत्साही सूर काढत असे, तिच्यापर्यंत तो जिना चढून गेला.

"मी मग काय वाजवू?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही हे मला येत नाही, गॉर्डन."

"आज शीक."

तिसऱ्या इनिंगमध्ये लॉनीकडे पहिला चेंडू आला. जमिनीवरून टप्पे घेत, अगदी सरळ, सावकाश. सगळ्यात वाईट प्रकारचा. लॉनीने तो उचलला. मैदानावर अशी शांतता पडली की कुंपणावर बसलेल्या पाणपाखरांचं भांडण ऐकू आलं. डूई क्रँट्झ आपल्याच दोन्ही तळहातांवर बसला होता. लॉनीने फेक केली आणि फर्स्ट बेसवाल्याच्या हातमोज्यात चेंडू आदळल्याचा कोरडा, स्वच्छ आवाज आला.

कुणी टाळी वाजवली नाही. लॉनी क्षणभर प्रेक्षकांकडे वळला, मग टोपी खाली ओढून जागेवर गेला.

पुढचीही बरोबर गेली, आणि त्याच्या पुढचीही. शेवटच्या इनिंगपर्यंत त्याची एकही फेक चुकली नाही. हेरन्स सामना चांगलाच हरले, कारण पिचर वाढपीच होते. पण लोक मैदानातून बाहेर पडले ते लग्नाहून निघाल्यासारखे. अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर हात मारत होती.

गॉर्डीने व्हर्नाचे दोन्ही खांदे धरले. "तू बरोबर होतीस. मी चुकलो होतो, आणि तू बरोबर होतीस. बरा झाला पोरगा. आता मत कशाला घ्यायचं? ठेवायचाच."

"ठेवायचाच," मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. डूईसुद्धा काही बोलला नाही, आणि डूई बोलला नाही म्हणजे त्याने बाजू बदलली होती.

व्हर्ना तशीच उभी राहिली. तिने जे शोधायला सांगितलं ते सापडलं होतं. आणि ते सापडल्यामुळेच, त्याला जाऊ द्यावं हे तिचं म्हणणं निकालात निघालं होतं. आणि हे तिने स्वतःच केलं होतं.

घरी आली तेव्हा लॉनी मागच्या पायरीवर बसून सँडविच खात होता. अजून भरपूर उजेड होता. तीही शेजारी बसली.

"त्यांना कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी. तुझं नाव न घेता."

त्याने मान हलवली. रागावलेला दिसला नाही. थोडं खाल्लं.

"सगळे श्वास धरून बसले होते," तो म्हणाला. "मी चेंडू उचलला की गप्प. सोडला की सगळं मैदान एकदम हुश्श करायचं. ऐकू येतं ते, मिस व्हर्ना. टाळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतं."

"पण फेकी बरोबर गेल्या."

"गेल्या. आज रागाने गेल्या. रोज एवढा राग कुठून आणू?" तो हसायला गेला, पण ते नीट झालं नाही. "चांगली माणसं आहेत हो. तोच तर त्रास आहे. वाईट माणसांसमोर चुकलं तर माणूस घरी जाऊन झोपतो. मिस्टर हाउप्टचं मी हाड मोडलं आणि त्यांनी मला केक पाठवला. आता प्रत्येक चेंडू मी त्या केकसाठी फेकतो."

व्हर्नाने पायरीवरचे पावाचे कण झटकले.

"मला अशा जागी खेळायचंय," लॉनी म्हणाला, "जिथे मी चेंडू उचलतो तेव्हा लोक बीअर मागवत असतील. बस्स. उद्या काय होईल?"

"उद्या ते तुला ठेवायचं ठरवतील."

"हो. मलाही तसंच वाटतंय."

त्याने सँडविचचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. तो आत गेला, तरी व्हर्ना पायरीवरून उठली नाही. तिला त्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. गॉर्डीला आणखी दुखवायचं नव्हतं. आणि लॉनीला इथे राहू द्यायचं नव्हतं. तिन्ही गोष्टी एकत्र कशा बसतील हे ती बराच वेळ पडताळून बघत होती. मधली गोष्ट काही केल्या बसत नव्हती. शेवटी तिने ठरवलं की ती गोष्ट बसवायची नाही, आणि ती उठली.

रविवारी क्लबमध्ये चर्चचे कपडे आणि कॉफीचा वास होता. लोक खुशीत होते. मत हा उपचारच उरला होता, असं सगळे धरून चालले होते. गॉर्डी थोडक्यात बोलला: काल सगळ्यांनी बघितलं, आपण धीर धरला, वर्षानुवर्षं धरत आलो, आणि त्याचं फळ मिळालं. टाळ्या पडल्या.

"माझं आहे बोलायचं," व्हर्ना म्हणाली.

"बोल की," गॉर्डी म्हणाला. तो अजून हसत होता. "खरं तर श्रेय तुझंच."

"मी अजूनही म्हणते, त्याला जाऊ द्या."

हसू त्याच्या चेहऱ्यावर जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त मागून कुणीतरी दिवा काढून घेतला.

"व्हर्ना, तो बरा झालाय."

"काल तुम्ही कुठे बघत होता? चेंडू मारणाऱ्याकडे? धावणाऱ्याकडे?" तिने सगळ्यांकडे बघितलं. "मी सांगते मी कुठे बघत होते. त्याच्या हाताकडे. आणि माझ्यासारखेच सगळे. आधी आपण टाळ्या वाजवत होतो, काल गप्प बसलो. दोन्ही वेळेला आपण त्याच्या अंगावरच बसलो होतो. महिनाभराने काय करणार आहोत? डोळे मिटून बसणार आहोत?"

"लोक काळजी करतात, तर तो गुन्हा झाला का?" मिसेस टेस्लाफ म्हणाली.

"नाही. पण काळजी आपली आहे. ती वाहावी लागते त्याला."

गॉर्डी दोन्ही हात टेबलावर टेकून उभा होता. "मला सरळ सांग. जायचंय असं तो म्हणाला का तुला?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं मी इथे आणणार नाही," ती म्हणाली. "आजवर तिथे जेवढे राहिले, त्यातल्या कुणाचंच आणलेलं नाही. काही जणांनी तर तुझ्याबद्दल बरंच सांगितलं होतं, तेही आणलं नाही."

दोघं-तिघं हसले. गॉर्डीने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले.

"मग माझ्याकडे ते वाक्य आहे," तो म्हणाला आणि वर बोट केलं. "दुसरं काही नाही, पण ते आहे."

"मोठ्याने वाच."

"पाठ आहे मला."

"पाठ आहे म्हणून वाचलं जात नाही. वाच."

तो वाचणार नाही असं क्षणभर वाटलं. मग त्याने वाचलं, बसमध्ये हजेरी घेतात तशा आवाजात. "आपल्या माणसाला पडत्या काळात द्यायचं नाही."

"पडत्या काळात," व्हर्ना म्हणाली. "काल तो पडता होता का?"

काही जण तुळईकडे बघू लागले.

"तूच म्हणालास, बरा झाला. खोलीतले सगळे म्हणाले. मग आज ते वाक्य त्याच्या आड येत नाही. मे महिन्यात त्यांनी त्याला मागितला असता तर मीही तुझ्या शेजारी उभी राहून नाही म्हटलं असतं. तेव्हा गेला असता तर मोडका म्हणून गेला असता. आज गेला तर शॉर्टस्टॉप म्हणून जाईल. आणि आज आपण त्याला धरून ठेवलं आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा आलं, तर हेच वाक्य त्याला इथे बांधून ठेवेल. तेव्हा आपण याच खोलीत बसून मासे खाऊ आणि म्हणू, बघा, आम्ही कुणाला सोडत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे ती महिन्यातून एकदा नगरसभेला सांगे, त्याच आवाजात ती बोलली होती.

"वकील व्हायला हवं होतंस," डूई म्हणाला. "माझा हात तुझ्यासाठी वर."

"तुझा हात पिचरसाठी वर आहे, डूई."

"हात तो हात."

"हो. मोजताना मला जरा वाईट वाटेल, पण मोजेन."

कॉरिनने हात मोजले. मग पुन्हा मोजले, कारण फरक इतका थोडा होता की मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या एकाने हात वर केला होता की डोकं खाजवलं होतं ते विचारून घ्यावं लागलं. लॉनीला द्यायचं, असं ठरलं. गॉर्डीचा हात पूर्ण वेळ टेबलावर होता. त्याने निकाल स्पष्ट वाचून दाखवला, एकदाच, कुणावरही नजर न ठेवता. मग टोपी घेतली आणि व्हर्नाच्या समोरून, तिच्याकडे न बघता, बाहेर गेला.

खोली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. मिसेस टेस्लाफने व्हर्नाच्या शेजारच्या खुर्च्या रचल्या आणि तिला उठायला सांगायच्या ऐवजी तिची खुर्ची तेवढी सोडून दिली.

त्या संध्याकाळी लॉनीने आपलं सामान आपल्या पिकअप ट्रकमध्ये टाकलं. ते फार नव्हतं.

"मतं कशी पडली?" त्याने विचारलं.

"थोडक्या फरकाने."

"मिस्टर हाउप्ट?"

"विरुद्ध."

लॉनी हसला. कित्येक आठवड्यांत ती असं हसू पहिल्यांदाच बघत होती. "बरं झालं," तो म्हणाला. "त्यांनी हो म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं." मग त्याने तिला मिठी मारली, ट्रक सुरू केला, आणि कोपऱ्यावर वळताना हॉर्न वाजवला नाही.

ग्रँट हार्बरचा डावखुरा पिचर दोन दिवसांनी आला. त्याचं नाव थॅडियस बर्के. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तिकडे त्याची मैत्रीण होती, कुत्रा होता. गावात कुणी त्याला आपल्या घरी घ्यायला तयार होईना. ज्याच्यासाठी लॉनी गेला तो, एवढीच त्याची ओळख झाली होती. कॉरिनने चार दारं ठोठावली. पाचवं ठोठावायच्या आधी व्हर्नाने तिला फोन केला.

"इकडे पाठव त्याला."

"व्हर्ना, तू थोडे दिवस विसावा घे. लोक बोलतायत."

"लोक मैदानावर बोलतील. झोपायला त्याला छप्पर लागेल. पाठव."

थॅडियस दारातून आत आला तो मान वाकवून. वरच्या खोलीतल्या पलंगावर त्याने पाठ टेकली, तेव्हा गुडघ्यांपासून खालचा बराचसा भाग पलंगाबाहेर होता. काही न बोलता तो उठला आणि चादर जमिनीवर पसरू लागला. व्हर्ना म्हणाली की थांब, काहीतरी करू, पण काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॉर्डीची गाडी फाटकाशी थांबली. मागे दोन फळ्या आणि हत्यारांची पेटी होती. त्याने दार वाजवलं, जणू या घरात तो पहिल्यांदाच येत होता.

"कॉरिन म्हणाली, पलंग तोकडा पडतो."

"हो."

"किती?"

"बराच."

तो फळ्या खांद्यावर घेऊन वर गेला. व्हर्ना मागोमाग. थॅडियस खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "सर, मला जमिनीवर चालतं."

"आमच्या गावात पिचर जमिनीवर झोपत नाहीत. सकाळी पाठ धरते आणि संध्याकाळी आम्ही हरतो. आडवा हो. मोजू दे."

पोरगा आडवा झाला. गॉर्डीने त्याच्या टाचेपाशी पेन्सिलीने खूण केली, थोडी मोकळीक सोडून दुसरी केली, आणि फळीवर वाकला. करवत चालू झाली.

"लॉनी आला होता माझ्याकडे, जायच्या आधी," तो मान वर न करता म्हणाला. "कॉफी प्यायला. फार काही बोलला नाही."

"बरं."

"मी विरुद्ध मत दिलं, व्हर्ना."

"बघितलं मी."

"उद्या पुन्हा घेतलं तरी विरुद्धच देईन."

"माहीत आहे."

गॉर्डीने फळी पलंगाच्या पायाला लावून बघितली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते तपासलं, आणि मग हात मागे केला.

"स्क्रू दे," तो म्हणाला. "लांबवाले."

व्हर्नाने पेटीतून मूठभर काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.